दुपारी दोनचा वॉर्ड

६ जानेवारी

प्रिय आत्या,

फोनवर माझा आवाज म्हणजे तुला पत्र्यावर खडे टाकल्यासारखा ऐकू येतो, असं बाबा म्हणाले. म्हणून पत्रच लिहिते. तुझ्या कानांच्या निमित्ताने निदान माझं अक्षर तरी सुधारेल.

काम मिळून दीड महिना झाला. नेमणुकीच्या कागदावर 'आपत्ती व्यवस्थापन सहायक' असं भारदस्त लिहिलंय. बाबा ते सगळ्यांना वाचून दाखवतात, पण मी नेमकं काय करते हे त्यांना अजून सांगता येत नाही. तुला कळेल, कारण तू सव्वीस वर्षं आया म्हणून वॉर्डात काढलीस. आग लागली, वीज गेली, ऑक्सिजन बंद पडला, तर कोणी काय करायचं हे मी लिहिते. एकेका संकटाचा एकेक आराखडा. मार्चमध्ये तपासणी आहे, त्याआधी सगळं तयार हवं. आणि माझं कायम होणंही त्याच महिन्यात ठरणार आहे.

जुना आराखडा कपाटात सापडला. त्यात लिहिलंय, 'पाचव्या मजल्यावरील कर्मचाऱ्यांनी पूर्वेकडील लिफ्टजवळ जमावे.' आत्या, आमचं रुग्णालय तीन मजली आहे. पूर्वेकडे लिफ्ट नाही, पाण्याची टाकी आहे. कोणीतरी दुसऱ्या रुग्णालयाचा आराखडा जसाच्या तसा उतरवून घेतला, आणि सहा वर्षं प्रत्येक साहेबाने त्याच्यावर सही केली. मी इतकी हसले, आणि मग मला हसू येईना.

माझा आराखडा खरा असणार आहे. रोज नऊ ते सात मी जिने मोजते, दारं मोजते. घरी येते तेव्हा पाय माझे नसतात. पण तुझे गुडघे त्या जिन्यांनीच गेले, हे आठवलं की मी माझं रडगाणं आवरते.

तुझी,
शहाणी


१४ जानेवारी

शहाणे,

खूप आशीर्वाद. तुझं पत्र तुझ्या बापाने आधी वाचलं, मग मला दिलं, मग परत मागून घेतलं. आता त्याच्या खिशात आहे. म्हणून आठवेल तसं उत्तर देते.

पाचव्या मजल्याचं वाचून मीही हसले. कागदावर मजले बांधायला सिमेंट लागत नाही.

तू जिने मोजतेस ते ठीक. पण कधी मोजतेस? सकाळी अकराला ना? अकराला साहेब फिरतात, तेव्हा वॉर्ड नवरीसारखा नटून बसलेला असतो. वॉर्ड बघायचा तर दुपारी दोनला बघ. पाळी बदलते तेव्हा. जाणारी म्हणते मी निघाले, येणारी म्हणते मी अजून आले नाही. त्या अर्ध्या तासात वॉर्ड कोणाचाच नसतो. आणि बघ, त्या वेळी धोब्याच्या ढकलगाड्या कुठे उभ्या असतात.

आराखड्यात आया आहेत का? का नुसत्या सिस्टर आणि डॉक्टर? पेशंटला उचलणार कोण, तुझा साहेब?

आणि बाथरूम लिहिलंस का?

तुझी,
आत्या


२७ जानेवारी

प्रिय आत्या,

मी दोनला गेले. सलग चार दिवस गेले.

दुसऱ्या मजल्यावर स्त्रियांचा वॉर्ड आहे, अठ्ठावीस खाटांचा. खाली उतरायला एकच उतार आहे, चाकाच्या खुर्च्या त्याच्यावरूनच नेता येतात. माझ्या आराखड्यात मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'उतार सदैव मोकळा ठेवावा.' दोन वाजता त्या उताराच्या दारात मळक्या चादरींच्या तीन गाड्या उभ्या. धोबी मळक्या चादरी मोजून घेतो, मावशी धुतलेल्या मोजून घेते, आणि हे चालतं अडतीस मिनिटं. रोज. मी विचारलं, 'मावशी, गाड्या जरा बाजूला घेता येतील का?' चष्मेवाल्या मावशी आहेत इथे, वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या. बोटाने मला गप्प करत म्हणाल्या, 'बासष्ट, त्रेसष्ट... बाई, मोजताना बोलू नका. एक चादर कमी पडली तर जबाब मला द्यावा लागतो.'

आणि तू म्हणालीस तसंच. आराखड्यात आया नव्हत्याच. त्या कंत्राटावर, म्हणून कर्मचाऱ्यांच्या यादीत नाहीत. यादीतली अकरा माणसं दोन वाजता वॉर्डात नसतात, आणि वॉर्डात असलेल्या चार मावश्या यादीत नाहीत.

सगळं पुन्हा लिहिलं, चौदा पानं झाली. अधीक्षक साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, 'संकटात चौदा पानं कोण वाचणार? दोन करा.' तेही खोटं नाही. मी दोन केली. मावश्या त्यात टिकल्या, गाड्यांचंही टिकलं. बाथरूमवर मात्र त्यांनी लाल रेघ मारली. 'इतकं बारीक नको.' तुझी सवय मला माहीत आहे, घरीसुद्धा बाथरूम दिवसातून दोनदा घासतेस. पण स्वच्छतेचं वेगळं पुस्तक आहे इथे, त्यात घालीन म्हणते.

थकले आहे गं. आराखडा लिहिणं म्हणजे काय लिहायचं ते नसून काय खोडू द्यायचं ते, असं वाटायला लागलंय.

शहाणी


४ फेब्रुवारी

शहाणे,

बाथरूमचं खोडू दिलंस?

मी स्वच्छतेचं म्हणत नव्हते.

इकडे सगळे बरे. डोळे दुखतात, थांबते.

आत्या


१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू रागावली आहेस की आजारी आहेस? बाबांना विचारलं तर म्हणाले, 'ती गप्प आहे. पण ती गप्पच असते.' तुझं चार ओळींचं पत्र मी उशीखाली ठेवलंय. सारखं वाचून त्यातून काही निघत नाही.

मला आज तुझ्याशी बोलायचं आहे आणि दुसऱ्या कोणाशी बोलून उपयोग नाही.

तपासणी दहा मार्चला ठरली. तपासणाऱ्यांना नुसता आराखडा पुरत नाही, त्याचा सराव केल्याचा अहवाल लागतो. काल साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर अहवाल तयार होता. 'दिनांक १२ फेब्रुवारी रोजी सकाळी अकरा वाजता स्त्री वॉर्ड रिकामा करण्याचा सराव घेण्यात आला. सर्व रुग्ण सहा मिनिटांत सुखरूप बाहेर. वॉर्ड रिकामा असल्याची खात्री केली.' खाली चार सह्या झालेल्या. पाचवी माझी हवी.

मी म्हटलं, 'सर, बारा तारखेला तर असं काही झालं नाही.'

'वॉर्ड भरलेला असतो, सराव घ्यायचा कधी? सगळीकडे असंच करतात.'

'पण सहा मिनिटं कुठून आली?'

'मागच्या वेळी सात होती,' ते म्हणाले. 'सुधारणा दिसायला हवी.'

वाईट माणूस नाहीत ते. बोलताना डोळे चोळत होते. तीन रात्री घरी गेले नव्हते, साथीचे रुग्ण आहेत. मला म्हणाले, 'बाई, तुमच्या कायम होण्याचा कागदही याच फायलीत जातोय. दोन्ही एकदम पाठवू.' धमकी नव्हती गं ती. खरंच सोय म्हणून म्हणाले.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, 'आपल्या घरात आजवर कोणाच्या सहीला किंमत नव्हती. तुझ्या सहीवाचून फाईल अडते, हे काय कमी आहे? कर आणि मोकळी हो.'

अठ्ठावीस तारखेपर्यंत मुदत आहे. मी बहुतेक करीन. आराखडा तर खरा आहे ना, मी त्याच्यासाठी जीव ओतलाय. फक्त एक अहवाल खोटा. सराव पुढे कधीतरी घेऊच. आणि खरं सांगू, आता माझ्यात भांडायचं त्राण नाही. संध्याकाळी बसमध्ये उभ्याने झोप लागते.

तू काही तरी लिही. चार ओळी नकोत.

शहाणी


२२ फेब्रुवारी

शहाणे,

ही पानं तुझ्या बापाच्या खिशात जायची नाहीत. मी स्वतः टपालात टाकणार आहे.

माझे गुडघे कधीच गेले नव्हते. नोकरी मी गुडघ्यांमुळे सोडली नाही. घरात तसं सांगितलं, कोणी जास्त विचारलं नाही, आणि मग बोलता बोलता मीही थोडी लंगडायला लागले.

अकरा वर्षं झाली. पुरुषांचा वॉर्ड होता, बत्तीस खाटांचा. त्यात एक म्हातारे मास्तर होते. पायाला प्लास्टर. शिस्तीचा माणूस. रोज अंग पुसून हवं, आणि तेही गरम पाण्याने. मला 'बाई' म्हणायचे, मावशी नाही. त्या दिवशी दोनच्या जरा आधी मी त्यांना बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं, हातात टॉवेल दिला, म्हटलं, 'मास्तर, पाणी आणते, हलायचं नाही.' ते म्हणाले, 'मी कुठे जातोय बाई?'

मी बादली घेऊन पाणी तापवायच्या चुलीपर्यंत पोचले तोच धूर आला. वरच्या कोठीत गाद्या होत्या, त्या धुमसत होत्या. सिस्टर ओरडली, खुर्च्या ढकला. मी बादली टाकली आणि समोर दिसेल ती खुर्ची ढकलायला लागले. तीन खेपा केल्या. चौथ्या खेपेला धुरात दार दिसेना, आम्हाला खालीच थांबवलं.

अंगणात मोजणी झाली. सकाळची सिस्टर निघून गेलेली, दुपारची नुकती आलेली. तिच्यासाठी पेशंट म्हणजे आकडा. तिने मोजले, बत्तीस. रजिस्टरात बत्तीस. एका पेशंटच्या भावाला धुराने चक्कर आली होती, कोणीतरी त्याला स्ट्रेचरवर घालून पांघरूण टाकलं होतं. बत्तिसावा तो होता. हे नंतर कळलं.

सिस्टरने कागद पुढे केला. 'वॉर्ड रिकामा.' दोन सह्या लागायच्या, एक तिची, एक आयेची. मला म्हणाली, 'मावशी, सगळे आले ना?'

आता ऐक. आजवर कोणाला सांगितलं नाही ते हे. माझ्या मनात आलं होतं. मास्तर दिसले नाहीत, असं मनात आलं होतं. पण वाटलं, असतील झाडाखाली, आणले असतील कोणीतरी. आकडा जुळतोय म्हणजे असणारच. आणि मी थकले होते शहाणे. पुन्हा फिरून एकेक तोंड बघायचं त्राण नव्हतं. मी सही केली. सही झाल्यावर बंबवाल्यांनी पाणी वरच्या कोठीवर मारलं. वॉर्डात कोणी गेलं नाही. रिकाम्या वॉर्डात कशाला जातील?

दीड तासाने दार उघडलं. मास्तर स्टुलावरच होते. टॉवेल ओला करून तोंडाला धरला होता. जिवंत होते. मला बघून म्हणाले, 'बाई, पाणी गार झालं असेल.'

चौथ्या दिवशी गेले. छातीत धूर बसला होता.

चौकशी झाली. कागद बरोबर होता. आकडा बरोबर, सह्या बरोबर. मला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. महिन्याने मी गुडघे धरून घरी आले.

तू लिहिलंस, फक्त एक अहवाल खोटा. मी पण फक्त एक सही केली होती. तुझा बाप चांगल्या मनाने सांगतो. त्याला सही म्हणजे मान वाटतो. मला ती कशी दिसते ते तुला सांगितलं. आता तू ठरव. तू काहीही केलंस तरी माझी शहाणीच राहशील, पण बाथरूम पुन्हा लिही.

आत्या


१३ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र येऊन सतरा दिवस झाले. उत्तर द्यायला इतके दिवस का लागले ते वाचशीलच.

मी सही केली नाही. शूरपणाने नाही. साहेबांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, 'सर, मला अर्धा तास द्या, खरा सराव घेऊ. जमला तर तोच अहवाल जाईल.' त्यांनी तोच अहवाल पुन्हा माझ्यापुढे सरकवला. 'सराव म्हणजे परीक्षा नसते बाई,' म्हणाले.

'मग काय असतं सर?'

'फोटो.' आणि स्वतःच हसले. मग मेट्रनबाईंना फोन केला. म्हणाले, 'हिला एकदाचा तो अर्धा तास द्या, म्हणजे मला झोप लागेल.'

तीन मार्चला, दुपारी दोनला. खऱ्या आजारी बायकांना हलवायचं नव्हतं. शेजारचा वॉर्ड दुरुस्तीसाठी रिकामा होता, त्यात नर्सिंगच्या वीस मुली पेशंट म्हणून झोपवल्या. रजिस्टरात मात्र एकवीस नावं लिहिली. एकविसावी मी. मी कुठे आहे हे फक्त मेट्रनबाईंना माहीत होतं.

मी बाथरूममध्ये स्टुलावर बसले.

घंटा वाजली. धावपळ ऐकू आली. मुली आधी हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. उतारावर गाड्या अडल्या, कारण चष्मेवाल्या मावशी एकेचाळीसपर्यंत मोजून झाल्या होत्या आणि आकडा सोडायला तयार नव्हत्या. सात मिनिटं त्यातच गेली. एक चादर कमी पडली तर कोण जबाब देणार हे ठरलेलं आहे आत्या. माणूस कमी पडलं तर कोण, हे मी दोन पानांत कुठेच लिहिलं नव्हतं. मग दिवे गेले. मीच लिहिलंय तसं, त्या वॉर्डाचं मुख्य बटण बंद. आणि मग काहीच ऐकू येईना.

मी वाट बघत होते. मला वाटलं होतं, निदान एकजण तरी येईल. नळ ठिबकत होता. मी स्वतःला सांगत होते, हा सराव आहे, दार उघडं आहे, उठून जाता येतं. पण मास्तर डोळ्यांसमोरून जाईनात. घड्याळाकडे बघत मी चौतीस मिनिटं बसले. कोणी आलं नाही.

खाली गेले तर सगळे चहा पीत होते. कागद भरलेला. एकवीसपैकी एकवीस. 'वॉर्ड रिकामा.' सह्या झालेल्या. शेजारच्या स्त्री वॉर्डातल्या एका खऱ्या पेशंटची मोठी बहीण, तिला हे सगळं खरंच वाटलं म्हणून मुलींबरोबर धावत खाली आलेली, आणि एकविसावी म्हणून मोजलेली. तुझ्या पत्रातलं जसंच्या तसं. मी न सांगता, न ठरवता.

मी म्हटलं, 'मी वर होते. बाथरूममध्ये.'

चष्मेवाल्या मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, 'बाई, माझी सही आहे त्याच्यावर.' मग म्हणाल्या, 'तो कागद द्या इकडे.' आणि स्वतःच्या सहीवर स्वतःच आडवी रेघ मारली.

अहवालात मी हेच लिहिलं. वेळ एकोणीस मिनिटं. एक व्यक्ती वॉर्डात राहिली. साहेबांनी वाचला, पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं, आणि सही केली. तपासणीत तो वाचला गेला. आम्हाला उत्तीर्ण केलं नाही, एप्रिलअखेर पुन्हा सराव घेऊन दाखवा म्हणाले. त्यामुळे माझा कायम होण्याचा कागदही परत आला. 'तूर्त मुदतवाढ, तीन महिने.' बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. तू सांग, तुला जमेल तसं.

आता चादरींची मोजणी तळमजल्यावर हलवली आहे. मोजणी नुसत्या आकड्याने होत नाही, नाव पुकारायचं आणि तोंड बघायचं. आणि बाथरूम पहिल्या पानावर आहे. मावशी आत जाते, प्रत्येक दार ढकलते, हाक मारते. मगच सही. साहेबांनी वाचलं आणि लाल पेन शोधलंच नाही.

तरी मला भीती वाटते. पुढच्या सरावात मी बसले तर सगळ्यांना माहीतच असणार, शोधतीलच. दुसरं कोणीतरी हवं, त्यांच्या ओळखीचं नसलेलं.

फार दमले आहे. आज लवकर झोपते.

तुझी,
शहाणी


२० मार्च

शहाणे,

तुझ्या बापाला सांगितलं. तुझी तीन महिन्यांची गोष्ट सांगितली आणि माझी अकरा वर्षांचीही. तो आधी चिडला. मग बाहेर जाऊन बसला. जेवायच्या वेळी आत आला आणि मला म्हणाला, 'पाणी गरम करून देऊ का तुला आंघोळीला?' भर दुपारी. मी म्हटलं, दे.

आता तो तुझं नवं पत्र खिशात घालून फिरतो. लोकांना सांगतो, 'आमच्या मुलीने सही केली नाही.'

रुग्णालयाच्या पायरीवर मी अकरा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. ताप आला तरी घरीच काढला. पण माझे गुडघे ठीक आहेत, जिने चढता येतात. एप्रिलचा दिवस ठरला की कळव. बाथरूममध्ये स्टुलावर मी बसेन. हलणार नाही.

फक्त तुझ्या मावशींना सांग, दार जोरात वाजवा. मला कमी ऐकू येतं.

आत्या